दुसरा शनिवार

संस्थेचं ऑफिस वरच्या मजल्यावर,
खाली टॉवेलांचं गोडाऊन.
जिना चढताना नाकात कांजीचा वास,
हातात फाईल, फाईलीत इरण्णा:
वय अंदाजे सात, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग,
आई सिव्हिलमध्ये, वडील माहिती नाही.
'नाते' लिहिलेल्या चौकोनात
बिराजदार मॅडमनी शिक्का मारला,
तात्पुरते पालक.
शाई माझ्या अंगठ्याला लागली,
दोन दिवस निघाली नाही.

पहिले तेरा दिवस तो बोलला नाही.
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
त्याच्या तोंडात कानडी, तीही मिटलेली.
अंबादास मागाचा खडखडाट कानात घेऊन यायचा
आणि विचारायचा, घरात कुणी आहे का नाही?
होतं.
कपाटामागे, उशीखाली, माझ्या शिलाईच्या पेटीत
भाकरीचे तुकडे होते,
मुंग्या लागलेले, बुरशी धरलेले.
मी रोज झाडून काढायची,
रोज तो नवे ठेवायचा.
एकदा ओरडले.
त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले
आणि वाट बघत उभा राहिला.

शेजारीण म्हणाली, देऊन टाक परत, कुणाचं कोण.
नणंदेनं विचारलं, महिन्याला किती मिळतात?
मी कुणाला सांगणार होते
की मोरीचा नळ सोडून मी रडते
(नळाला पाणी असेल त्या दिवशी),
आणि मला तो आवडत नाही,
अजून तरी नाही.

ते मी दुसऱ्या शनिवारी सांगितलं.
नऊ खुर्च्या, त्यातली एक डगमगणारी, तीच माझ्या वाट्याला.
कुणी अरेरे म्हणालं नाही.
कुंभारीचा एक टेम्पोवाला होता,
चहाच्या कपात बघत म्हणाला,
आमच्या पोरीला मी चार महिने भीत होतो, ताई.
हसले सगळे. मीही.

मग रझियाआपा,
विड्या वळून वळून बोटांची टोकं पिवळी,
घरात तिसरं परकं लेकरू,
ओढणी सावरत म्हणाली,
"काढून घेऊ नको गं त्याच्याकडनं.
डबा दे. झाकणाचा. त्याचा एकट्याचा.
अन् कडक भाकरी दे, ती काय नासत नाही.
डोक्याला कळतं लवकर,
पोटाला पटायला टाइम लागतो."

एवढंच.
मॅडमनी तोवर शाळेला फोन लावला होता,
दाखला नसला तरी बसू द्या, म्हणत होत्या, तिसऱ्यांदा.
मला त्यांचा राग यायचा बंद झाला तो तेव्हा.

मंगळवार बाजारातून डबा आणला, पितळी कडीचा.
पाच भाकऱ्या, कागदात शेंगाचटणी.
त्यानं मोजल्या. रात्री उठून परत मोजल्या.
मी जागीच होते, डोळे मिटून.
पुढं कधीतरी चार राहिल्या, मग तीन,
मग डब्यात एक गोटी आली,
एक्स्पायरी संपलेलं बसचं तिकीट,
माझ्या ब्लाउजचं हुक.

आई बरी होतेय त्याची.
मॅडम म्हणतात, आनंदाची गोष्ट आहे.
आहेच.
पुढच्या शनिवारी मला विचारायचंय आपाला,
देताना डबा द्यायचा असतो का,
का ठेवून घ्यायचा असतो.

काल पाण्याची पाळी. पाचवा दिवस, रात्रीचे दोन.
मी गाढ झोपलेली.
अंगणातून कुणीतरी ओरडलं, "नीर बंतु! नीर बंतु!"
अंबादास आतून अर्धवट झोपेत, "वच्चिनय, वच्चिनय,"
आणि मी घागर शोधत, मराठीत,
अरे हो रे, आले, आले.
पाइप धरून तो उभा होता, चड्डी भिजलेली,
पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून
ते नारळाच्या बुडाशी सोडत होता.
हे त्याला आम्ही कधी शिकवलं,
आठवत नाही.